दिवसातून एकदा तरी डेकवर ये

प्रिय सयू,

आई म्हणाली व्हॉट्सअ‍ॅप कर, एवढं लांबलचक कशाला लिहितोस, पण व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळी लिहितो, तू अंगठा पाठवतेस आणि विषय संपतो. रविवारी जे झालं ते अंगठ्याने संपणारं नाही, म्हणून मेल. तिकडे नेट मिळेल तेव्हा उघड, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल. जहाजाचं नाव आणि कुठे चाललायत ते काही लिहीत नाही, तू बजावलंयस तसं.

पहिलं हे की मी रागावलेलो नाहीये. तू सी-टूर वाढवून घेतलीस, किनाऱ्यावरची चांगली पोस्टिंग सोडलीस आणि ते मला जेवताना विद्यामावशीच्या तोंडून कळलं, याचं वाईट वाटलं, एवढंच. आणि तू ताटावरून उठता उठता म्हणालीस, "बाबा, तू ज्या जहाजांच्या हवेच्या डक्टची ड्रॉइंग काढतोस त्यांच्यात बसायला कुणीतरी लागतंच ना?" ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ऑफिसात ड्रॉइंग उघडलं की तेच. सप्लाय इथून, एक्झॉस्ट तिथून, मधे एक कंपार्टमेंट, त्या चौकोनात मला इतकी वर्षं क्यूबिक फूट दिसायचे, आता तिथे तू बसलेली दिसतेस, केस मागे बांधून, त्या निळ्या कव्हरऑलमध्ये. उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही. सापडलं की कळवीन.

तर ठरवून बसलोय की काळजीचं एक अक्षर लिहायचं नाही. पिअरवर तू म्हणालीस की बाबा आता मॉनिटरची गोष्ट नको, पण तीच लिहिणार आहे, कारण तुला वाटतं ती तुला पाठ आहे आणि खरं म्हणजे निम्मी गोष्ट मी तुला सांगितलेलीच नाही. ९ मार्च १८६२, अमेरिकेतलं यादवी युद्ध, आपल्या इथलंच हॅम्प्टन रोड्सचं पाणी, उत्तरेची मॉनिटर आणि दक्षिणेची व्हर्जिनिया, दोन्ही बोटी लोखंडी, चार तास एकमेकींवर गोळे आणि धड कुणी जिंकलं नाही, हे मी तुला झोपवताना सांगायचो. लहान मुलीला झोपवताना तेवढंच सांगता येतं. खाली इंजिनरूममध्ये जी माणसं होती त्यांचं कधी सांगितलं नाही. आता तू स्वतः खालची आहेस आणि परवा त्याच पाण्यावरून, फोर्ट मन्रोला वळसा घालून बाहेर पडलीस, तेव्हा ऐक.

जहाज कसं ते तुला माहितीय, म्युझियमच्या अंगणातल्या त्या पूर्ण साइझच्या मॉडेलवर तू आणि निनाद धावायचात आणि आई खालून ओरडायची. पाण्याच्या वर डेक जेमतेम फूट-दीड फूट, त्यावर २० फूट व्यासाचं टरेट, म्हणजे तोफांची फिरती गोल खोली, एकेक इंची पत्र्याचे ८ थर लावलेलं, आत दोन ११ इंची डालग्रेन तोफा, पुढे एवढंसं पायलट हाउस, आणि बाकी सगळं पाण्याखाली. सगळं म्हणजे सगळं, झोपायचं, जेवायचं, पगाराचा हिशेब, औषधांची पेटी, बॉयलर, कोळसा. दिवसाउजेडीसुद्धा दिवे लावून बसायचं. डेकमध्ये काचेचे लहान लहान झरोके होते, त्यातून उजेड यायचा तोही लाट वरून गेली की हिरवा, आणि लढाईला जायचं झालं की त्या काचांवर लोखंडी झाकणं घालायची. हे जहाज ज्याने आखलं त्या एरिक्सनने ऑफिसरांच्या खोल्या स्वतःच्या खिशातून सजवल्या होत्या, अक्रोडाचं लाकूड, पडदे, गालिचा. खोली कितीही छान सजवलीस तरी खिडकी नाही ती नाहीच.

आता इथे माझा विषय येतो. या सगळ्या बंद डब्यात हवा येणार कशी? तर मागे डेकवर चार फूट उंचीचे दोन पाइप, खाली दोन ब्लोअर, वाफेच्या छोट्या इंजिनांवर चालणारे, इंजिन आणि ब्लोअर यांच्यामध्ये चामड्याचे पट्टे, ठाण्याला आपल्या वाड्याच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती तिच्या पट्ट्यासारखे. ब्लोअर वरची हवा खाली ओढणार, तीच हवा माणसांनी घ्यायची आणि तीच बॉयलरच्या आगीला जायची. माणसांची आणि आगीची, दोघांची सोय एकाच ठिकाणी. आज असं ड्रॉइंग कुणी माझ्या टेबलावर आणलं तर मी सही करणार नाही. पण २५ ऑक्टोबर १८६१ ला कणा घातला आणि ३० जानेवारी १८६२ ला ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटला जहाज पाण्यात उतरलं, म्हणजे तीन महिने आणि वर पाच दिवस, त्या घाईत एरिक्सनने जे उभं केलं ते बघून आजही माझी छाती भरून येते. आजोबा असते तर एकेक जॉइंट हाताने चाचपत बसले असते. मुंबईच्या डॉकयार्डात बॉयलर शॉपमध्ये जन्म गेला त्यांचा. ते सांगायचे की अशा बसक्या, टरेटवाल्या दोन बोटी खुद्द मुंबई बंदराच्या रक्षणासाठी इंग्रजांनी बांधल्या होत्या, मॅग्डाला आणि अ‍ॅबिसिनिया, १८७० च्या. त्यांनी बघितलेल्या नव्हेत, त्यांच्या आजोबांच्या काळातल्या, पण सांगायचे असे की जणू कालच धुराडं साफ करून आलेत.

असो. ६ मार्चला न्यूयॉर्कहून निघाले, सेथ लो नावाचा टग ओढतोय. ७ तारखेला समुद्र खवळला. लाटा त्या चार फुटी पाइपांच्या वरून जायला लागल्या आणि पाणी सरळ खाली ब्लोअरवर. पट्टे भिजले, ताणले गेले, घसरायला लागले, ब्लोअर थांबले. ब्लोअर थांबले म्हणजे ड्राफ्ट, आगीला मिळणारा हवेचा झोत, थांबला, आगी मंदावल्या आणि कोळशाचा गॅस बाहेर पडायच्या ऐवजी उलटा इंजिनरूममध्ये भरला. आता वाफ नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी वाढतंय, आणि वाफ परत आणायची तर त्या गॅसमध्येच शिरून पट्टे बसवले पाहिजेत. इंजिनचा चार्ज आयझॅक न्यूटनकडे. तू सात वर्षांची असताना मला विचारलं होतंस की तो सफरचंदवालाच का, आणि नाही म्हटल्यावर हिरमुसली होतीस. तो न्यूटन, आणि नेव्हीने देखरेखीसाठी बरोबर पाठवलेला चीफ इंजिनिअर स्टाइमर्स, दोघं आणि त्यांचे फायरमन आत गेले. एकामागून एक पडले. हिशेब ठेवणारा कीलर नावाचा पेमास्टर, ज्याचा इंजिनशी काडीचा संबंध नाही, तो आत शिरला आणि बाकीच्यांच्या मदतीने त्यांना ओढून बाहेर काढलं, शिडीने वर, टरेटच्या माथ्यावर नेऊन मोकळ्या हवेत झोपवलं. न्यूटन काही जगत नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. हातपंपांनी पाणी टरेटच्या उंचीपर्यंत चढेना म्हणून माणसांची रांग लावून बादल्या वर पोचवल्या. शेवटी टगने किनाऱ्याकडे शांत पाण्यात ओढत नेलं, आत हवा खेळली, पट्टे बसले, आगी पेटल्या. आणि ८ तारखेला अंधार पडता पडता हॅम्प्टन रोड्सला पोचले तर समोर त्यांच्याच बाजूचं काँग्रेस जहाज जळतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी लढाई. दोनच दिवसांपूर्वी मेलेले म्हणून वर आणलेले हे लोक सकाळी परत खाली आपापल्या जागेवर.

मी आता तुला काय सांगतोय ते माझ्या लक्षात येतंय. त्यांना वर आणलं म्हणून ते जगले, सयू. कुणीतरी वर आणलं.

तुमच्याकडे कोळसा नाही, गॅस टर्बाइन आहेत, सेंट्रल कंट्रोलमध्ये स्क्रीनसमोर बसून वॉच करता, सेन्सर आहेत, अलार्म आहेत, पळून बाहेर पडायला ते श्वासाचे हूड आहेत, सगळं तू मला ट्रेनिंगवरून आल्यावर दाखवलंयस, हूड कसा चढवायचा तेही ओट्याशी उभं राहून करून दाखवलंस आणि आईने तोंड फिरवलं. तेव्हा तुझी पाठ थोपटली होती मी. मला त्यातलं सगळं समजतं. मी तिथेच नोकरी केली. तरी सांगतो, दिवसातून एकदा डेकवर येत जा. अर्धा तास जमलं नाही तर दहा मिनिटं. वॉच संपला की सरळ बंकवर जाऊन पडू नकोस, आधी वर ये, उभी राहा, मग जा झोपायला.

लढाईच्या दिवशी खाली काय झालं असेल याचा मी फार विचार केलाय. वर ग्रीन होता, जहाजावरचा दुसऱ्या नंबरचा ऑफिसर, २२ वर्षांचा, तुझ्यापेक्षा लहान, जहाजाचा कमांडर वॉर्डन याच्या डोळ्याला इजा झाल्यावर सगळं जहाज त्याच्या हातात आलं. टरेट फिरवायचं काम स्टाइमर्सने केलं, ते सुरू केलं की थांबत नव्हतं आणि थांबलं की सुरू होत नव्हतं, म्हणून फिरता फिरताच तोफा डागल्या. पायलट हाउस आणि टरेटमधली बोलायची नळी तुटली तर कीलर धावत निरोप पोचवत होता. ही सगळी नावं पुस्तकांत येतात. न्यूटनने मात्र चारही तासांत लढाई बघितलीच नाही. त्याला फक्त ऐकू येत होती. डोक्यावर दणका बसला की आपल्याला लागला का आपण मारला हे आवाजावरून ओळखायचं आणि वरून हुकूम आला की पुढे, थांब, मागे. एकाच ओतीव सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, ३६ इंची, ते थांबले की वरच्या सगळ्या शौर्याचं काय झालं असतं सांग. जहाज पळायचं किती तर तासाला सहाएक नॉट, पण चार तास त्या इंजिनने दगा दिला नाही. तू जेव्हा मला पहिल्यांदा म्हणालीस की ब्रिजवर नको, मला इंजिनिअरिंगच हवंय, तेव्हा मी तोंडाने "विचार कर" म्हणालो आणि गॅरेजमध्ये जाऊन नंदूकाकाला फोन केला की आपल्या घरातली तिसरी पिढी बॉयलरपाशी निघाली. तो म्हणाला बॉयलर नाहीत रे आता. म्हटलं असू दे. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आणि तेव्हाच भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

तुला बाळदमा होता हे तुला फारसं आठवत नाही, पाच-सहा वर्षांची झालीस आणि तो गेला, नेव्हीच्या मेडिकलमध्येही तुझी फुप्फुसं बघून डॉक्टर खूष होता. मला मात्र आठवतं. ओकवूडच्या त्या अपार्टमेंटमध्ये बाथरूमचा गरम शॉवर सोडून, दार लावून, तुला मांडीवर घेऊन मी आणि आई आळीपाळीने बसायचो. आई ओवी म्हणायची, मला काही येत नाही तर मी तुला मॉनिटर सांगायला सुरुवात केली, तिथून ही गोष्ट सुरू झाली बघ. तुझ्या छातीतला तो शिट्टीसारखा आवाज. तो कमी होईपर्यंत गोष्ट लांबवायची. त्यामुळे असेल कदाचित, पण लढाई लवकर संपायला नको असायची मला, व्हर्जिनिया परत परत वळून यायची. नंतर झोपलीस तरी मी नाकापाशी हात धरून बघायचो. आता तू अठ्ठावीसची आहेस, तुझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि मी तुला दम लागेल का याचा विचार करतोय, हे तुला आवडणार नाही हेही कळतं. लिहायचं नाही ठरवलं होतं. लिहून झालं.

उन्हाळ्यातलं सांगतो. त्या वर्षीचा जून-जुलै मॉनिटर आपल्या जेम्स नदीतच होतं, वर हॅरिसन्स लँडिंगकडे. वरून ऊन, खाली बॉयलर, मधे लोखंड. जॉर्ज गियर म्हणून एक फायरमन होता, न्यूयॉर्कचा, घरी बायको मार्था आणि पोरं, पैशाची ओढाताण, त्यासाठी नेव्हीत आलेला. हुशार, पुढे इंजिनच्या स्टोअर्सचा चार्ज त्याच्याकडे आला. त्याने एक दिवस थर्मामीटर घेऊन जहाजभर फिरून मोजलं आणि बायकोला कळवलं, झोपायच्या डेकवर ९५ फॅरेनहाइट, स्टोअरमध्ये ११०, इंजिनरूममध्ये १२७, आणि भटारखान्यात चूल विझवल्यावरसुद्धा १५५. १२७ म्हणजे आपल्या हिशेबाने ५३ सेल्सिअस. त्यात वॉच करायचा, कोळसा ओढायचा, राख काढायची, बेअरिंगवर हात ठेवून गरम झालं का बघायचं आणि तेल सोडायचं. वर जावं तर किनाऱ्यावरून बंदुकवाले टपलेले, तरीही लोक रात्री वर डेकवरच झोपायचे. गोळी चालेल पण खालची हवा नको. मला ते त्यांचं म्हणणं इतकं पटतं.

त्यामुळे पाणी पी. मीठ-साखरेचं पी, ते निळं-हिरवं बाटलीतलं नको. झोप अंगावर काढू नकोस, वॉचनंतर रिपोर्ट लिहीत बसतेस ते बंद कर. इंजिनरूममधून बाहेर पडायचे दोन्ही रस्ते डोळे मिटून पाठ कर, शिडीच्या पायऱ्या किती तेसुद्धा, आणि महिन्यातून एकदा खरंच डोळे बांधून कर. हूड जिथे टांगलाय तो तिथेच आहे का रोज हात लावून बघ. हाताखालच्या पोरांवर ओरडू नकोस, जो वीस वर्षांचा पोरगा बिल्जमध्ये, पार जहाजाच्या तळाशी, उतरतो त्याला बेअरिंगचं जे कळतं ते तुझ्या स्क्रीनला कळत नाही. मळमळायला लागलं तर लपवू नकोस, ऑफिसर असलीस म्हणून काय झालं. आणि वर ये. चीफला सांगून ये पण ये.

झालं, लेक्चर झालं. माफ कर. तुला हे सगळं येतं, माझ्यापेक्षा जास्त येतं, तू डॅमेज कंट्रोलचा कोर्स पहिल्या नंबराने केलास आणि मी तुला शिडी मोजायला सांगतोय. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय की पोरीला हगवणीची गोळीही सांग. ती बॅगेत आहे, डावीकडच्या कप्प्यात.

आता जे कधी सांगितलं नाही ते. २९ डिसेंबर १८६२ ला मॉनिटर हॅम्प्टन रोड्सहून दक्षिणेला निघालं, या खेपेला ओढणारं जहाज ऱ्होड आयलंड. ३० ला हॅटरासच्या भूशिरापाशी वारा उठला. टरेटच्या खालच्या फटीत काथ्या ठासला होता, तो धुऊन गेला, डेकवरून जाणारी प्रत्येक लाट आत. इंजिनरूमचा चार्ज तेव्हा जोसेफ वॉटर्सकडे. त्याने सगळे पंप लावले, शेवटी मिनिटाला ३,००० गॅलन फेकणारा सेंट्रिफ्यूगल पंपही लावला, तरी पाणी वाढतच गेलं. कोळसा भिजला, त्यामुळे आग तापेना, वाफ उतरायला लागली. कॅप्टन बँकहेडने इंजिन थांबवून सगळी वाफ पंपांना द्यायला सांगितलं. रात्री टरेटवर लाल कंदील चढवला, मदतीची खूण. ऱ्होड आयलंडने होड्या पाठवल्या. आणि ही सगळी उतराउतर चाललेली असताना खाली इंजिनरूमवाले आगी सांभाळत होते, कारण आगी आहेत तोवर पंप आहेत आणि पंप आहेत तोवर होड्यांना वेळ आहे. पाणी राखेच्या खड्ड्यात आलं, आगीपर्यंत आलं, आग विझली. मगच त्यांचं काम संपलं. ३१ डिसेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर जहाज बुडालं. १६ जण गेले. त्यात दोन इंजिनिअर, रॉबिन्सन हँड्स आणि सॅम्युएल लुइस. लुइस समुद्र लागून आपल्या बंकवर पडलेला होता, उठण्याचं त्राण नाही, जहाजाचा डॉक्टर वीक्स वर जाता जाता त्याच्यापाशी थांबला तर त्याने विचारलं की काही आशा आहे का. म्हणून म्हटलं मळमळ लपवू नकोस. गियर वाचला. वॉटर्सही वाचला, शेवटपर्यंत खाली असूनही. मी त्याचं नाव मुद्दाम लिहितोय. वॉटर्स वाचला.

२००२ च्या ऑगस्टमध्ये टरेट वर काढून बार्जवरून आणलं तेव्हा आपण नदीवर गेलो होतो, तू माझ्या खांद्यावर, हातात तो चिकट लाल बर्फगोळा, माझ्या मानेवर ठिबकतोय. गर्दीत कुणीतरी सांगितलं की आत दोन माणसांचे सांगाडे मिळालेत आणि तू वरून विचारलंस, "ते वर का नाही आले?" मी म्हटलं जिना अरुंद होता बाळा. नंतर २०१३ च्या मार्चमध्ये त्या दोघांना आर्लिंग्टनला दफन केलं, कोण होते ते तेव्हाही ठरलं नव्हतं. टरेट अजून म्युझियमच्या टाकीत आहे, ९०,००० गॅलन पाण्याच्या, बुडताना जसं उलटं झालं तसंच उलटं. शेजारी इंजिन. मी अधूनमधून जातो. टरेटपाशी गर्दी असते, इंजिनपाशी नसते, मला बरं पडतं. आजकाल तिथे उभा राहिलो की न्यूटन आणि वॉटर्सच्या बापांचा विचार येतो, त्यांना बातमी कशी कळत असेल, किती दिवसांनी. मला तर तुझा हिरवा ठिपका दिसतो ऑनलाइन असलीस की. तरीही.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की आग विझेपर्यंत थांबणं हे तुझं काम आहे, ते मी तुला करू नकोस म्हणणार नाही, म्हणालो तरी तू ऐकणार नाहीस आणि ऐकलंस तर ती माझी सयू नव्हे. पण विझली की निघ. मागे वळून गेज बघू नकोस, वही राहिली म्हणून परत जाऊ नकोस. आणि कुणी पडलं असेल बंकवर तर त्याला उचलून आण, एकटीने नाही, दोघांना हाक मार. तुझा स्वभाव मला माहितीय, तू शेवटी निघणार. शेवटी निघ. पण निघ.

विद्यामावशीचा राग गेलाय, तिने चकल्या करून ठेवल्यात, टपालाने पाठवता येतील का तुमच्या पत्त्यावर ते सांग. निनादचं लग्न मे महिन्यातच ठरलंय, सुट्टीचं काही कळलं तर आत्ताच अर्ज टाक, तुझ्याशिवाय करवली कोण होणार असं मोठी आई रोज फोनवर विचारते. तिला तू जहाजावर आहेस एवढंच सांगितलंय, खाली असतेस ते सांगितलेलं नाही. तिला वाटतं तू सुकाणूपाशी उभी असतेस. मी राहू दिलंय तसं.

उत्तराची घाई नाही. वेळ नसला तर फक्त "वर गेले होते" एवढं टाईप कर, अंगठा नको.

तुझा
बाबा

ता.क. तुझ्या गाडीची बॅटरी काढून चार्जरला लावलीय. इन्स्पेक्शन पुढच्या महिन्यात संपतंय, मी करून आणतो, पण कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये नाहीत. कुठे ठेवलेस?